मागच्या खोलीपर्यंत

रविवारी सकाळी पराग बोळातून पुन्हा मागं आला, तेव्हा गिरिजेनं त्याच्या चालण्यावरूनच ओळखलं, जमलेलं नाही. साबणाच्या वडीएवढं ते पांढरं यंत्र त्यानं बापाच्या खाटेजवळच्या सॉकेटमध्ये खुपसून ठेवलं होतं. त्याच्यावरचा दिवा मघाशी लाल होता, आताही लालच होता.

"इथं लावून उपयोग नाही आई," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "एक्सटेंडर काय स्वतःचं नेट बनवत नाही. मिळालेलं फक्त पुढं ढकलतो. इथं त्याला काही मिळतच नाहीय, तर देणार काय?"

"मग फोनचं नेट?"

"मागं बिल्डिंगी उभ्या राहिल्यापासून या खोलीत एक काडी येते. तीही आली की जाते. आणि केबलवाला बोळातून वायर ओढायला उद्या येणार. बारसं आज आहे."

खाटेवर उशांना टेकवून बसवलेला दशरथ खिडकीबाहेर बघत होता. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर त्याला पुढच्या ओटीवर ठेवायचं सगळ्यांनी ठरवलं होतं, पण तो हट्टानं इथंच राहिला. या खिडकीतून खाडी दिसते, आणि ज्या मिठागरात त्याची उमर गेली त्याचा उरलेला तुकडाही दिसतो. आता न्यायचं म्हटलं तरी डॉक्टर हलवू देत नव्हते. शिवाय बोळ इतका चिंचोळा, की खाट आडवी जायची नाही आणि उभी केली तर माणूस तिच्यावर राहायचा नाही.

"असं करू बाबा," पराग म्हणाला. "मी ओटीवर बसून सगळं रेकॉर्ड करतो. मग इथं आणून दाखवतो, निवांत बघा."

"झालेलं काय बघायचं?" दशरथ खिडकीकडंच बघत म्हणाला. "झालेलं फोटोत पन दिसतं. मला तिच्याशी बोलायचं हाय. मी बोललो की तिचं तोंड कसं होतं, ते बघायचं हाय."

त्याची लेक रुचिता लग्न होऊन न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला गेली ती एकदाच येऊन गेली. मग तिच्या नवऱ्याची, अभिनवची, नोकरी बदलली, व्हिसाचे कागद अडकले, मग पोटात बाळ राहिलं. बाप घसरून पडला त्या दिवशी ती फोनवर एवढी रडली होती, की शेवटी गिरिजेलाच तिची समजूत घालावी लागली होती. तेव्हापासून दशरथनं तिला फोनवरही बघितलं नव्हतं. ऐकलं होतं, तेही तुटक तुटक. आज तिकडं संध्याकाळी, म्हणजे इथं दुपारच्या आतच, तिच्या मुलीला पाळण्यात घालायचं होतं.

परागची बायको ममता दारात उभी होती. लालबागच्या चाळीत वाढलेली, मनात आलेलं पोटात न ठेवणारी.

"तुम्हीच काल म्हणालात ना, हे निम्म्या वाटेवर लावायला लागतं?" ती नवऱ्याला म्हणाली. "मग लावा की निम्म्या वाटेवर."

निम्मी वाट कुठं येते ते सगळ्यांना ठाऊक होतं.

राई गावातलं हे घर एका ओळीत लांबत गेलेलं. सासऱ्यांनी मधल्या दोन खोल्या बांधल्या, दशरथनं मागं एक काढली, परागनं पुढं स्लॅब टाकून ओटी आणि वर माडी चढवली. वाटण्या झाल्या तेव्हा पुढचं आणि मागचं मोठ्या भावाकडं आलं आणि मधलं धाकट्याकडं, शिवाकडं. तेव्हा त्यात कोणाला वावगं वाटलं नव्हतं. आतून दारं होती, पोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची. आता दोन्ही दारं बंद होती. पुढच्या दाराला शिवानं विटा लावल्या होत्या. मागच्या खोलीत उघडणाऱ्या दाराला आपल्या बाजूनं लोखंडी कपाट लावलं होतं.

कारण एवढंच, की म्हातारी, या दोघा भावांची आई, गेली तेव्हा शिवा जहाजावर होता. ती याच मागच्या खोलीत शेवटचे दिवस काढत होती. शिवानं भर समुद्रातून फोन लावला होता, "वयनी, आयच्या कानाला फोन धर." पण तो आवाज या खोलीत येईपर्यंत तुटून जायचा. म्हातारी गेल्यावर तो म्हणाला, मी येतोय, थांबा. उन्हाळ्याचे दिवस होते, गावातली चार मोठी माणसं बोलली, दशरथ थांबला नाही. शिवा घरी पोचला तेव्हा राख खाडीत गेलेली होती. परागला चारचौघांत बोलला, पण भावाशी तो भांडलाही नाही. त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि कपाट ओढत नेऊन त्या दाराला लावलं.

"बोळातून फिरवून बघतो," पराग म्हणाला. "काकांच्या दारात मी नाही जाणार. आणि आई, तूही जायचं नाहीस. आजी गेली त्या वेळी गावासमोर मला काय काय बोलले ते, विसरलीस?"

त्यानं एकूण तीन यंत्रं मागवली होती. एक पुढच्या खोलीत राऊटरपासून थोडं लांब लावलं, तिथं दिवा लगेच हिरवा झाला. दुसरं त्यानं एक्स्टेन्शन बोर्डाला जोडून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोळातल्या नळाच्या वर टांगलं. तिसरं मागच्या खोलीत. गिरिजेला वाटलं, मिठागरात खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात काढत शेवटच्या वाफ्यापर्यंत नेतात, त्यातलाच प्रकार हा. मधला वाफा फुटका निघाला, की पुढच्यात मीठ धरत नाही.

बोळातला वाफा फुटकाच निघाला. भिंती जाड, मधे वळण, वर पत्रे. मागचा दिवा लालचा नारिंगी झाला, पुन्हा लाल झाला. परागनं पिशवी इकडं धरली, तिकडं धरली, माळ्यावर चढून पत्र्याखाली धरली. शेवटी तो पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवायला लागला.

गिरिजा उठली. बोळात टांगलेली पिशवी तिनं काढली, यंत्र पदरानं पुसलं.

"कुठं चाललीस?" आतून दशरथनं विचारलं. त्याला दिसत नव्हतं, तरी कळलं.

"येते."

"त्याच्या दारात जाऊ नको. मला न्हाय बघायचं काय. ऐकतेस का?"

"तुम्हाला बघायचं न्हाय," गिरिजा म्हणाली, "पन मला बघायचं हाय."

शिवाचं दार बोळातच होतं, दहावीस पावलांवर. इतक्या वर्षांत ती त्या दारासमोरून रोज गेली, पण मान वळवली नाही. मान वळवायची गरजच नव्हती. भिंतीपलीकडून तिला त्याची खोकल्याची उबळ ऐकू यायची आणि त्यावरून कळायचं, यंदा थंडी त्याच्या छातीत उतरली. टीव्हीचा आवाज मोठा झाला की कळायचं, आनंदी माहेरी गेली आणि हा एकटा आहे. ती या घरात नवरी होऊन आली तेव्हा शिवा अर्ध्या चड्डीत होता. पहिल्या दिवशी तिच्याच ताटात जेवला आणि मग बरीच वर्षं जेवत राहिला. आईचा मार चुकवायला तिच्या पाठीमागं लपायचा. दशरथनं भाऊ गमावला असेल. तिचं पहिलं मूल त्या भिंतीपलीकडं राहिलं होतं, आणि हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

दारातच आनंदी बोंबील साफ करत बसली होती. तिनं वर बघितलं आणि तिच्या हातातली सुरी थांबली.

"ताई?"

"शिवा हाय?"

शिवा आत खुर्चीवर होता. केस पांढरे झालेले तिनं लांबून बघितले होते, पण जवळून पहिल्यांदाच. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. तो उठला नाही, बस असंही म्हणाला नाही. पण बघत राहिला.

"रुचिताच्या पोरीचं बारसं हाय आज," गिरिजा उभ्या उभ्याच म्हणाली.

"ऐकलं."

"तुझ्या दादूसला उठता येत न्हाय. हे यंत्र तुझ्या घरात लावलं, की तिकडं मागं नेट जाईल, असं पराग म्हणतो. वीज फार खात न्हाय."

"विजेचं कोण बोलतंय?" शिवा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "वयनी, त्या खोलीत तवा रेंज न्हवती. मी जहाजाच्या डेकवर उभा राहून बोंबलत होतो. माझी आय तिथं होती. तवा कोणाला सुचलं न्हाय, आता मशीन आणलंय. त्याला लेकीचं तोंड बघायला मिळायला पायजे, ते पन माझ्या घरातून?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या तोंडून 'वयनी' ऐकलं, एवढंच तिच्या कानात राहिलं होतं. ती वळली.

आनंदी उठली. तिनं मासळीचे हात परसात जाऊन धुतले, साडीला पुसले, गिरिजेच्या हातातलं यंत्र काढून घेतलं आणि देवळीखालच्या सॉकेटमध्ये खुपसलं. बटण दाबलं.

"आनंदी," शिवा म्हणाला.

"घर माझं पन हाय," आनंदी म्हणाली. "आणि रुचिताला न्हाऊमाखू मी घातलंय, लहानपनी. तुम्ही जहाजावर होतात."

यंत्राचा दिवा लुकलुकत राहिला आणि मग हिरवा झाला. शिवानं त्याच्याकडं बघितलं. काढ म्हणाला नाही. ठेव असंही म्हणाला नाही. पेपर उघडून त्यानं तोंडापुढं धरला.

गिरिजा मागच्या खोलीत पोचते तोच ममता ओरडली, "आला! आई, नारिंगी आला!" परागनं आईकडं बघितलं. त्यानं घाईघाईनं फोन लावला, खाटेजवळच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. दशरथनं डोक्याला टोपी घातली होती. कधी घातली, कोणी दिली, गिरिजेला कळलं नाही.

पडद्यावर उजेड आला. त्यात हिरवी साडी दिसली, झेंडूच्या माळा दिसल्या, मग रुचिताचा अर्धा चेहरा. उरलेल्या अर्ध्याचे चौकोन चौकोन झाले होते.

"बाबा... ऐकू ये... मी दिस..."

"दिसते! दिसते ग बाय!" दशरथ ओरडला. "बोल!"

चेहरा थिजला. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, जिवंत माणूस एवढा वेळ तसा राहूच शकत नाही असा. मग आवाज आला, चित्र गेलं. मग दोन्ही गेलं.

पराग भिंतीला हात लावून उभा होता. त्यानं बंद दारावर बोटानं टकटक केली, आतून बद्द आवाज आला. "काकांच्या घरात सिग्नल फुल आहे," तो म्हणाला. "हे कपाट मधे येतंय. भिंतीतून थोडंफार जातं, लोखंडातून नाही जात. दारातून सरळ आला असता." थोडं थांबून तो हळूच म्हणाला, "जाऊ का मी? काकांना विचारायला?"

"जा," ममता म्हणाली.

तो गेला. फोनमधून मधेच बायकांचं हसू ऐकू येई, मधेच बाळाचं रडू, आणि प्रत्येक वेळी दशरथ पुढं वाकायचा. वाकला की खुबा दुखायचा आणि तो दात आवळून घ्यायचा. गिरिजेनं त्याचा खांदा धरला. "टेका," ती म्हणाली. तो टेकला नाही.

दाराच्या पलीकडं बोलणं ऐकू आलं. आधी परागचा आवाज. मग शिवाचा, "त्याच्या लेकानं सांगितलं की सरकवायचं, असं काय हाय का?"

गिरिजा दाराशी गेली. जुनं सागाचं दार, रंग उडालेला. तिनं त्याला तळहात लावला.

"शिवा," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल अशी. "तवा मी फोन घेऊन या दारापासून खिडकीपर्यंत नाचले रे. तुझा आवाज यायचा, तुटायचा. खिडकीत धरला, खाटेवर चढून धरला. आयचे डोळे माझ्या हातातल्या फोनकडं होते. तिला कळत होतं, त्यात तू हायस. आज तेच चाललंय. तीच खोली, तीच जागा. माणूस तेवढं बदललंय. मला पुन्हा नाचायला लावू नको. माझ्याच्यानं होणार न्हाय आता."

मागं खाटेवर दशरथनं फोनवरची नजर काढून तिच्या पाठीकडं वळवली.

गिरिजेनं कपाळ दाराला टेकवलं. ती तशीच उभी होती तेव्हा तिला लाकडातून थरथर जाणवली, मग आवाज आला, लोखंडाचे पाय फरशीवर घासत गेल्याचा. "थांब, तिकडून उचल," शिवा म्हणत होता. "पाठ सांभाळ, तुला वजन उचलायची सवय न्हाय." "काका, तुम्ही सोडा, मी घेतो." "सोडू कसा? पाय मोडंल तुझा." पुन्हा घासणं. मग कडी. कडी गंजली होती, ती हातोडीनं ठोकावी लागली. दार आधी हललंच नाही, मग एकदम उघडलं आणि गिरिजा मागं सरली.

कोळिष्टकं लोंबत होती. उंबऱ्याच्या पलीकडं शिवा उभा होता, धापा टाकत. त्याच्या मागं पराग, त्याच्या मागं आनंदी. त्यांच्या घरातला उजेड आत आला आणि दशरथच्या पायांवर पडला.

दोघा भावांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं दुसऱ्याचे पांढरे केस बघितले, दुसऱ्यानं पहिल्याचे काडीसारखे झालेले हात. तेवढ्यात ममता म्हणाली, "हिरवा!" आणि फोनमधून रुचिताचा आवाज खणखणीत आला.

"बाबा! आता दिसताय! टोपी घातलीय बघ त्यांनी, अभिनव, बघ!"

दशरथनं मान वळवली. पडद्यावर त्याची लेक होती. सगळी, अखंड. गालावर थोडी सूज, नाकात नथ, डोळ्यांखाली जागरणाचं काळं. तो बोलायचा आणि ती हसायची, तो बोलल्याबरोबर हसायची. त्याला हेच बघायचं होतं.

तिकडच्या बायकांपैकी कुणालाच पाळणा येत नव्हता. "आई, तू म्हण ना," रुचिता म्हणाली. गिरिजेनं सुरुवात केली. ती पहिल्या ओळीलाच थांबली, तेव्हा उंबऱ्याच्या पलीकडून आनंदीनं पुढची ओळ उचलली आणि मग दोघींनी मिळून पाळणा पुढं नेला. अभिनवच्या बहिणीनं बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. अनुष्का.

"अनुस्का," दशरथ स्वतःशीच म्हणाला. पुन्हा म्हणाला.

रुचितानं बाळ फोनजवळ आणलं. एवढीशी मूठ, चिमटीएवढं नाक. मग तिची नजर वडलांच्या मागं गेली आणि ती थबकली.

"काका?"

शिवा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तो उंबरा ओलांडून आत आला नव्हता.

"काका, तुम्ही किती थकलात."

"तू कवा येनार?" शिवानं विचारलं.

रुचिता काहीच बोलली नाही. पराग चटकन फोनकडं वळला, पुन्हा नेट गेलं की काय म्हणून. नेट गेलं नव्हतं. चित्र स्वच्छ होतं. तिचे ओठ नुसते हलत होते, आणि डोळे भरून येताना सगळ्यांना दिसत होते, अगदी नीट.

"कागद झाले की लगेच," ती शेवटी म्हणाली. "लगेच काका."

तिकडं पाहुणे जेवायला थांबले होते. फोन बंद झाला तसा पडदा काळा झाला आणि त्यात खोलीतलीच माणसं दिसायला लागली. पराग यंत्रांच्या वायरी नीट करायच्या निमित्तानं पुढं गेला. ममता डोळे पुसत त्याच्यामागं गेली. आनंदी बोंबलांकडं गेली, मांजर आलं असेल म्हणाली. शिवा मात्र तिथंच उभा होता. जायला निघालाय असा, पण गेला नव्हता.

दशरथनं टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ तो काळ्या फोनकडं बघत होता.

"गिरिजे," तो म्हणाला, "सगळं दिसलं. तिचं हसनं दिसलं, पोरीची नखं दिसली. पन न्हान्या पोराच्या टाळूला वास येतो बघ, तेलाचा, दुधाचा. तो काय आला न्हाय."

गिरिजेच्याही नाकाला मघापासून तोच वास हवा होता.

"दादूस," दारातून शिवा म्हणाला. घसा साफ करून त्यानं पुन्हा म्हटलं. "दादूस, वासाचं मशीन अजून निघालं न्हाय."

दशरथनं हळूहळू मान वळवली. गिरिजेनं तांब्या उचलला, पाणी आणायला म्हणून ती बोळात गेली आणि तिथं नळ न उघडता उभी राहिली. आतून दोघांपैकी एक खोकला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.